खाष्ट

प्रयोगशाळेत त्या जिवाणूंना सगळे ‘खाष्ट’ म्हणत, कारण त्यांच्यापुढे कुठल्याच अँटिबायोटिकची डाळ शिजत नसे. त्यांना जिवंत ठेवायचं काम ताईंचं. फ्रीजरमधून काढायचे, ताज्या प्लेटवर वाढवायचे, पुन्हा गोठवायचे. वीज गेली की ताई आधी त्या फ्रीजरकडे धावायच्या. “पोटच्या पोरांचंही कुणी एवढं करत नाही हो,” असं सर चिडवायचे.

काल सरांनी त्या जिवाणूंच्या प्लेटवर जखमेवर लावायला बनवलेल्या आपल्या नव्या पापुद्र्याचा तुकडा ठेवला होता. आज नव्या संशोधक मुलीने ती प्लेट उजेडात धरली आणि तिचं तोंड उतरलं. “सर, तुकड्याभोवती जिवाणू जसेच्या तसे आहेत. अँटिबायोटिकने पडतं तसं मोकळं कडं पडलंच नाही.”

“अगं, यातून औषध पाझरतच नाही, तर कडं कुठून पडेल? याला जे चिकटतील तेवढेच फुटतील. उचलून बघ.”

तिने चिमट्याने तुकडा उचलला. खाली प्लेट लख्ख होती.

सरांचा पाय जमिनीवर ठरेना. “ताई, ज्या बाईच्या जखमेतून हे जिवाणू घेतले, तिला आधी कळवा!”

“ती त्याच जखमेने गेली, सर.”

“मग तिच्या घरच्यांना तरी कळायला हवं.”

ताईंनी प्लेट हातात घेतली, उजेडाकडे धरली आणि पुन्हा जागेवर ठेवली.

“कळलं, सर. आई होती माझी.”