हुबेहूब

आबाजींना जाऊन महिना झाला म्हणून जळोचीत त्यांच्या घरी प्रार्थना ठेवली होती. चर्चच्या पाळकसाहेबांनी बायबलातलं स्तोत्र वाचलं, चष्मा काढला आणि समजावून सांगायला लागले. "इथं थट्टेसाठी जे मूळ इब्री, म्हणजे हिब्रू क्रियापद आहे ना, ते लाअग. जाणकार सांगतात, एखादा अडखळत बोलतो, त्याची तशीच नक्कल करून चारचौघांना हसवायचं, त्याला हा शब्द."

पाळकांच्या मनात काही नव्हतं. ते पुण्याहून नुकतेच बदलून आलेले. आबाजी जन्मभर तोतरं बोलायचे, आणि भिंतीला टेकून बसलेला हा जोतीराम पंचवीस वर्षं त्यांची नक्कल करत आला, हे त्यांना कुणी सांगितलं असणार? चहाच्या गाड्यावर, वरातीत, जिथं चार टाळकी जमतील तिथं तो "ट्रॅ-ट्रॅ-ट्रॅक्टर" करायचा आणि लोक पोट धरून हसायचे. आबाजी समोर असले तर तेही हसायचे.

जोतीरामनं मान खाली घातली. सगळी मंडळी आपल्याकडंच बघतेय असं त्याला वाटलं. बघत कुणीच नव्हतं.

प्रार्थना संपली, चहा फिरला. कप न घेताच तो आबाजींच्या बायकोसमोर, सारजापुढं जाऊन बसला.

"वहिनी, लई चुकलं माजं. तुमी माफ केल्याबिगर मी हितनं उठत न्हाय."

सारजानं हातातला कप खाली ठेवला. "माफीचं राहू द्या भावजी. माजं एक काम करा."

"सांगा की."

"मोबाइलात त्यांचा आवाज कुठंच न्हाय. फोन आला की ते माज्याच हातात द्यायचं. पोरीनं सगळं धुंडाळलं. तुमी हुबेहूब आवाज काढता म्हणं. मी असले की तुमी थांबायचा, म्हणून कदी ऐकला न्हाय. एकदा त्यांच्यावानी मला हाक मारा."

हिला नाही म्हणायचं कसं? जोतीरामनं डोळे मिटले. ओठ सवयीनं आपोआप वाकडे झाले.

"सा-सा-सारजा."

इतकं नेमकं जमलं की दाराशी कुणीतरी फिस्सकन हसलं आणि उगाच खोकलं.

सारजा अजून कान देऊनच बसली होती. मग तिनं मान हलवली.

"असं न्हाय. घरात ते कदीच अडखळलं न्हाईत. माजं नाव एका दमात घ्यायचं."

जोतीरामनं ओठ सरळ केले आणि पुन्हा एकदा, न अडखळता, "सारजा" म्हटलं.

आला तो त्याचा स्वतःचाच आवाज.