पेरणीचं बी

एकावन्न साली तंबूतला सिनेमा नेसरीत महिनाभर मुक्काम ठोकून गेला, पण त्यातली गाणी मागंच राहिली. पेरणी पंधरवड्यावर आलेली. चिमणाबाईंच्या तिन्ही पोरी बियाण्यासाठी भुईमुगाच्या शेंगा फोडायला बसल्या, की गाणी सुरू. एक संपायच्या आत दुसरं. थोरलीसाठी स्थळं बघणं चाललेलं आणि हिची प्रीतीची गाणी पार रस्त्यापर्यंत! चिमणाबाईंच्या तळपायाची आग मस्तकाला जायची.

"असल्या गाण्यांनीच पोरी वाया जात्यात," एके दिवशी त्यांनी बजावलं. "उद्यापास्नं ह्या घरात गाणं न्हाय. गुमान शेंगा फोडायच्या!"

दुसऱ्या दिवशी पोरी खरंच माना खाली घालून बसल्या. चकार शब्द नाही, नुसता शेंगा फुटल्याचा आवाज. शेजारची आक्का डोकावून म्हणाली, "काय वळण लावलंयस गं पोरींना!" चिमणाबाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

दिवस कलल्यावर त्या बी भरून ठेवायला गेल्या. टरफलांचा ढीग कालच्याएवढाच होता. दाण्यांचं सूप मात्र अर्धंच भरलं होतं. त्यांनी वळून बघितलं, तर थोरलीनं पदरानं तोंड पुसलं आणि धाकटीनं घाईघाईनं काहीतरी गिळलं.



"उद्यापास्नं गायचं," चिमणाबाई कडाडल्या. "तिघींनी! आणि मधी कुणी थांबायचं न्हाय!"