आखाजीचा पितर

चुडामण पाटावर बसला होता आणि ताटाला हात लावत नव्हता.

ताट भरलेलं होतं. खापरावरच्या पुरणपोळ्या, आमरस, कुरडया, सांजोऱ्या. भिंतीशी पाण्याची नवी घागर पुजलेली, तिच्यावर खरबूज, आणि मागे कुंदनचा फोटो. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, गेलेल्या माणसाच्या नावानं एकाला जेवू घालतात. तेवढ्या वेळापुरता तो जेवणारा म्हणजेच तो गेलेला. पितराचं आवतन आलं की नाही म्हणायचं नसतं, आणि पितर जेवल्याशिवाय घरात कोणी घास घेत नाही.

कुंदनला चुडामणनंच मारलं होतं. बांधावर, कुऱ्हाडीनं. जन्मठेपेतली शेवटची वर्षं चांगल्या वागणुकीमुळे माफ झाली आणि मागच्या महिन्यात तो गावात परतला. काल कुंदनची आई भिकुबाई स्वतः त्याच्या दारात जाऊन आवतन देऊन आली.

पोलीसपाटील तोताराम दारात अर्धा आत, अर्धा बाहेर उभा होता. पुरणात काहीतरी आहे, हे गावानं कालच ठरवून टाकलं होतं.

‘वहिनी,’ तो हळूच म्हणाला, ‘एक घास तुम्ही खाई दखाडा. मंग तो जेवी.’

‘पितरना आगोदर मी खाऊ?’ भिकुबाई म्हणाली. ‘नाना, तुमले रीत सांगनी पडी का आते?’

तोतारामनं आतलं पाऊल मागे घेतलं.

‘तुम्हीच वर कळाडं ना, चुडामण सुधरना, गावनी हरकत नही? मले कोन्ही इचारं नही. ठीक शे. सुधरना असंन तं चांगला माणूस. आन चांगला माणूसलेच पितर बसाडतस.’

सुटकेआधी गावाचं मत घ्यायला साहेब आले होते, तोतारामकडे चहा घेऊन गेले. त्यांची गाडी भिकुबाईच्या दारावरूनच गेली. चुडामण जेलात सुतारकी शिकला, भजनं म्हणू लागला, एका शिबिरात त्यानं म्हणे भाषणही केलं. कोणी हे कौतुकानं सांगितलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

चुडामणनं शेवटी घास उचलला. जे व्हायचं ते होवो, असा चेहरा करून गिळला. मग दुसरा, मग तिसरा. पुरणात वेलदोडा जरा जास्त पडला होता, एवढंच. त्याच्या जिवात जीव आला, आणि तिथंच तो फसला. विष घालण्याइतकी भिकुबाई भोळी नव्हती. मेलेला माणूस सुटतो, हे तिच्याएवढं कोणाला ठाऊक असणार.

‘अक्का,’ तो म्हणाला, ‘मन्हा हातथून जे व्हयनं ते...’

‘अक्का नही. आज माय म्हन.’ तिनं रस वाढला. ‘पोट भरीसन जेव, कुंदन.’

त्यानं फोटोकडे पाहिलं.

‘माय,’ तो म्हणाला.

ती वाढत राहिली. पोळी संपली की दुसरी. नको म्हणायची सोय नव्हती, पितर अर्धपोटी उठला तर गेलेला उपाशी राहतो. प्रत्येक पोळीला ती ‘कुंदन’ म्हणायची आणि त्याची मान आणखी खाली जायची. तिला बरं वाटत होतं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटत होतं. मुलगा गेल्यापासून इतकं बरं तिला कधीच वाटलं नव्हतं.

‘भरं का पोट?’

‘भरं, माय.’

तिनं त्याच्या हातावर पाणी घातलं. तो घाईनं उठायला लागला.

‘बठ. घरना लोके पाय पडतस पितरना.’ तिनं आत हाक मारली. ‘मोहिनी.’

कुंदनची मुलगी बाहेर आली. बाप गेला तेव्हा ती पाळण्यात होती. आता धुळ्याला देवपुरात राहून शिकत होती, सणाला घरी आली होती. चुडामणनं तिला पहिल्यांदाच पाहिलं. नाक हुबेहूब कुंदनचं होतं.

‘बापना पाय पड,’ भिकुबाई म्हणाली.

तोताराम पुढे झाला. ‘वहिनी, पोरले कसाले यामा?’

तिनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मोहिनी वाकली. चुडामणनं पाय मागे ओढले.

‘पाय मांगे लेऊ नको,’ भिकुबाई म्हणाली. ‘आज ते तुन्हा नहीत.’

त्यानं पाय पुढे केले. मोहिनीनं डोकं टेकवलं. आशीर्वादाला त्याचा हात उठला, पण तिच्या केसांपर्यंत पोचेना. भिकुबाईला एवढंच हवं होतं. पुढच्या आखाजीला पुन्हा, आणि त्याच्या पुढच्याला. ती जिवंत असेपर्यंत.

पण मोहिनी उठली नाही. तिथंच, त्याच्या पायाशी बसून तिनं वर पाहिलं. हे आजीनं तिला शिकवलेलं नव्हतं.

‘पप्पा,’ ती म्हणाली, ‘तेव्हा खूप दुखलं का हो?’

चुडामणनं तोतारामकडे पाहिलं. तोताराम रस्त्याकडे तोंड करून उभा होता. इतक्या वर्षांत हे विचारायची भिकुबाईचीही छाती झाली नव्हती. कोर्टातही कोणी विचारलं नव्हतं. तिनं हातातला तांब्या खाली ठेवला आणि नातीला लागून जमिनीवर बसली.

‘सांग तिले,’ ती म्हणाली. ‘तठे तूच व्हता.’