खिडकीचा कंटेनर

पालिकेच्या साहेबांनी टेपचं एक टोक कुंपणाला लावलं, दुसरं कंटेनरच्या पत्र्याला.

"साडेआठ फूट. दहा हवेत."

"दीड फुटाने कुणाचं काय बिघडलं, साहेब?" शिवणवालीने विचारलं. गळ्यातला स्वतःचा टेप तिने नकळत मुठीत घट्ट धरला होता.

"दीड फुटाचंच नाही, ताई." साहेबांनी वही उघडली. "दुकानाच्या जागेत कंटेनर ठेवायचा तर मालासाठी. तोही नव्वद दिवस. रस्त्यावरून दिसता कामा नये. आणि माणसांनी त्यात राहायचं नाही."

"माणसं कुठे राहतात?" आतून सासूबाईंचा आवाज आला. "इथे सासू-सून राहतात!"

शिवणवालीला हसू फुटलं नाही. पुढचं दुकान भाड्याचं, तिथे रात्री थांबायची मालकाची बंदी. मागचा हा लोखंडी डबा तेवढा स्वतःचा. नवरा गेल्यावर तिने तो भंगारातून घेतला, सांधे डांबराने भरले, बाजूला खिडकी कापून घेतली. हा गेला तर सासूबाईंना नणंदेकडे धाडावं लागणार होतं. तिथे म्हातारीला पाणी मिळेल, पण पेला आपटून मिळेल, हे दोघींनाही ठाऊक होतं.

"शेजारच्या टायरवाल्याचे तीन कंटेनर आहेत. ते नाही दिसले?"

"एकेक करून बघतोय."

"मग आमच्याच डब्याला सोनं लागलंय का?"

साहेबांनी वही मिटली. ते दाराशी गेले, दार हलेना.

"जरा उचलून ढकला," शिवणवाली म्हणाली. "नुसतं ढकललं की हट्ट करतं."

साहेबांनी उंबऱ्याशी जोडे काढले. तेवढ्यानेही तिला बरं वाटलं. गोदामात शिरताना जोडे कोण काढतं?

आत त्यांनी लांबी घेतली, रुंदी घेतली. जिथे खाट होती ती भिंत त्यांनी दोनदा मोजली.

"सूनबाई, हे माप झबल्याचं का शेवटच्या कपड्याचं?" सासूबाईंनी खाटेवरून विचारलं.

"पावसात गळतं का?" साहेबांनी विचारलं.

"एक थेंब नाही."

"उन्हात तापत असेल."

"खिडकी आहे ना," सासूबाई म्हणाल्या. "या खिडकीने माझा दमा नेला बघ, लेका. आधी रात्र रात्र उशीला टेकून बसायची मी."

साहेब खिडकीशी गेले. पडदा सारून त्यांनी हात बाहेर धरला, वारा बघितला. मग तेही वहीत लिहून घेतलं.

गळतं का, तापतं का, असं कोण विचारतं? ज्याच्या पोटात माया आहे तोच. शिवणवालीच्या मनाने उभारी घेतली. देव कुणाच्या हाताने काय करेल, सांगता येत नाही.

"तुमचा खिसा उसवलाय, साहेब. द्या, दोन टाके घालते."

ते नको नको म्हणत राहिले, पण तिने शर्ट काढून घेतलाच. इस्त्री नव्हती त्याला. गादीखाली दाबून ठेवल्यासारख्या चौकोनी घड्या होत्या. खाकी दोरा संपला होता, म्हणून तिने निळ्या दोऱ्याने खिसा शिवला.

शर्ट घालताना साहेबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. "उद्या नऊला क्रेन येईल. माझ्या हातात काही नाही, ताई."

"नसेलच," सासूबाई म्हणाल्या. "तू जा, बाबा. घरी जाऊन सुखाने झोप."

साहेबांनी मान खाली घातली आणि जोडे हातात घेऊनच बाहेर पडले.

क्रेन नऊच्या ठोक्याला आली. खाट, स्टोव्ह, दोन ट्रंका रस्त्यावर आल्या. साखळ्या ताणल्या गेल्या आणि घर हवेत लोंबकळलं, पडद्यासकट. सासूबाई मशीनच्या स्टुलावर बसून वर बघत होत्या. "पाखरू झालं गं," एवढंच म्हणाल्या. दुपारी नणंद आली आणि न बोलता त्यांना घेऊन गेली. शिवणवालीने ओळखीच्या बाईच्या जिन्याखाली पथारी टाकली.

तिसऱ्या दिवशी नणंदेचा निरोप आला. आईचा चष्मा राहिलाय, ती भिंतींना धडकते आणि आमच्या डोक्याला ताप होतो. चष्मा खिडकीच्या फळीवर होता, हे शिवणवालीला लख्ख आठवलं. दुकान बंद करून ती जप्तीच्या आवारात गेली.

"खिडकीवाला ना?" पहारेकऱ्याने विचारलं. "शेवटची रांग. झाडाखाली."

दोन्ही बाजूंना गंजके कंटेनर होते, सगळे कुलपात. तिचा मात्र सावलीत होता. खिडकी वाऱ्याच्या अंगाला, सताड उघडी. तिचाच पडदा हलत होता. शेजारच्या दोरीवर एक खाकी शर्ट वाळत होता. त्याच्या खिशाला निळे टाके होते.

तिने दारावर हात ठेवला. दार हललं नाही.

आत कुणाला तरी खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर एका बाईचा दमलेला आवाज आला.

"अहो, आज लवकर आलात? जरा उचलून ढकला ना. तुम्हीच सांगितलंत, नुसतं ढकललं की हट्ट करतं."