सोडलेला चेंडू

नाओतोच्या त्या पत्राला मुरोईंनी उत्तर दिलं नव्हतं. बेसबॉल संघाच्या वसतिगृहातून आलेलं ते पत्र तसं छोटंच होतं. ‘बाबा, तीन वाईट आणि एक चांगला चेंडू पडला की पुढचा सरळ येणारच, तो मारायचा, असं इथले प्रशिक्षक म्हणतात. तुम्ही म्हणायचात, थांब; चार वाईट झाले की पहिला बेस फुकट मिळतो. वेळ आली की माझी बॅट हलत नाही. काय करू?’

मुरोई जुन्या पुस्तकांचे दुकानदार. जन्मात एक सामना खेळले नव्हते. आपण कोण सांगणारे, असं वाटून त्यांनी बरीच कार्डं लिहिली, फाडली, आणि शेवटी ते पत्र एका पुस्तकात ठेवून दिलं.

आज ते आणि त्यांच्या पत्नी फुमिए दुय्यम संघाच्या मैदानावर उन्हात बसले होते. हंगामातला शेवटचा सामना. पुढच्या वर्षी तू नकोस, असं क्लबनं नाओतोला कळवलं होतं. अशा खेळाडूला जाण्याआधी एकदा बॅट घेऊन उभं करायची रीत आहे. समोरचा गोलंदाजही मग फसवे चेंडू टाकत नाही. सरळ टाकतो. घे, मार, आणि सुखानं जा.

शेवटचा डाव, दोन गडी बाद. नाओतो उभा राहिला. गोलंदाज नवखा पोरगा होता. त्याच्यावरच जास्त दडपण आलेलं दिसलं. पहिले तीन चेंडू भलतीकडेच गेले. चौथा गुडघ्याशी, पण आत पडला. नाओतोनं चारही सोडले.

“ए मुरोई, बॅट भाड्यानं आणलीयस का? फिरव की!” मागून कुणीतरी नाओतोला आडनावानं हाक मारून ओरडलं. आजूबाजूचे हसले.

“तीन-एक झाले,” फुमिए हळूच म्हणाल्या. “आता मारायचा ना हो? तुम्ही लिहिलं होतंत ना त्याला तेव्हा?”

मुरोईंनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला.

“अहो, मी काय विचारतेय?”

“टाकतोय बघ,” मुरोई म्हणाले आणि चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

गोलंदाजानं टोपीला हात लावून नाओतोला मान दिला, आणि चेंडू टाकला. सरळ, मधोमध, कमरेच्या उंचीवर. ताटात वाढावा तसा.

नाओतोची बॅट खांद्यावरून हलली नाही.

“स्ट्राइक!” पंच ओरडला. दुसरा चांगला चेंडू वाया.

नाओतोनं मान वळवली आणि बाकांमध्ये वडिलांना शोधलं.

लहानपणी तो असाच बघायचा. दुकानामागच्या बोळात मुरोईंनी दोन बांबूंना दोऱ्या बांधल्या होत्या, एक गुडघ्याशी, एक छातीशी. दोऱ्यांच्या बाहेरचा चेंडू सोडायचा, हे त्यांनी पुस्तकात वाचलं होतं. चेंडू टाकायला मात्र तेच, आणि त्यांचा हात असा, की दोऱ्यांमधून क्वचितच एखादा जायचा. पोरगं सोडत राही आणि दर चेंडूनंतर बाबांकडे पाही. मुरोई मान डोलवत. शाब्बास. बरोबर सोडलास.

आताही त्यांची मान आपोआप डोलली.

पुढचा चेंडू धुळीत पडला. चौथा वाईट. नाओतोनं बॅट हळूच खाली ठेवली आणि तो पहिल्या बेसकडे चालत गेला. अशी चालत जाण्याची पाळी फलंदाजाच्या सरासरीत धरत नाहीत. तो खेळायला आलाच नव्हता, असा हिशेब होतो. पाठोपाठचा फलंदाज झेलबाद झाला आणि सामना संपला.

“वाढलेलंसुद्धा खाता येत नाही एखाद्याला,” मागचा माणूस उठता उठता म्हणाला. आवाजात आता थट्टा नव्हती.

फाटकाबाहेर टपालाची लाल पेटी होती. मुरोई तिच्यापाशी थांबले. खिशातून त्यांनी कोरं कार्ड काढलं, पेटीवरच टेकवलं आणि पत्ता लिहिला. मग कार्ड उलटं केलं. बराच वेळ पेन नुसतंच हातात राहिलं. शेवटी त्यांनी एकच शब्द लिहिला.

फुमिएंनी खांद्यावरून वाचलं. ‘मार.’

मग त्यांनी पत्ता पाहिला. “अहो, हा तर संघाच्या वसतिगृहाचा. तो उद्या घरी येतोय. कार्ड पोचेल तेव्हा खोली रिकामी असेल.”

“हो.”

“मग आत्ता आत जाऊन तोंडानंच सांगा ना. कपडे बदलत असेल अजून.”

मुरोईंनी फाटकाकडे पाहिलं.

“विचारलं तिथूनच होतं त्यानं,” ते म्हणाले, आणि कार्ड पेटीत टाकलं. ते तळाला पडल्याचा आवाज आला. पेटी रिकामी असावी.