तिसऱ्या रांगेतली बाई

विनोदी कलावंताला मोक्ष मिळायला एक खरं हास्य पुरतं, असं बिबी लार्कचं ठाम मत होतं. तिला तो १९६० सालच्या एका शुक्रवारी मिळाला होता. वाद एवढाच होता, की तो तिला मिळाला की कुत्र्याला.

वाद घालणारा मॉर्ट ड्रेसलर. सिनेमात चाळीस वर्षं हॉटेलचा मॅनेजर झालेला, आणि आता लॉस एंजेलिसच्या पश्चिमेला, निवृत्त कलावंतांच्या या निवासात बिबीच्याच टेबलावर जेवणारा.

"कुत्रा शिंकला, म्हणून ती बाई हसली," मॉर्ट ट्यूना सँडविचची कड काढत म्हणाला. "तू मध्ये उभी होतीस, इतकंच."

"माझा केसांचा टोप सूपमध्ये पडला होता, मॉर्ट."

"पडला असेल. पण श्रेयनामावलीत नाव कुणाचं होतं? कुत्र्याचं."

हे खरं होतं. टीव्ही मालिकेच्या त्या भागात बिबी वेट्रेस होती. सूप वाढताना तिचा टोप वाटीत पडतो, ती तो चमच्यानं नीट बुडवते आणि गिऱ्हाइकाला विचारते, "आणखी काही?" त्याच क्षणी टेबलाखालचा कुत्रा शिंकतो. मग प्रेक्षकांतून एका बाईचं हसू फुटतं. उंच, मध्येच उचकी लागलेलं. तिच्या मागोमाग सगळं सभागृह हसतं.

बिबीनं एकशे चाळीस भागांत कामं केली होती: वेट्रेस, शेजारीण, टेलिफोनवरची मुलगी, दोनदा प्रेत. लक्षात राहिलं ते हे हसू. टीव्हीवर तो भाग पुन्हा लागला की ती चित्राकडे पाठ करून बसायची आणि फक्त ऐकायची.

"आख्ख्या अमेरिकेत एका बाईला मी कळले," ती म्हणायची.

ती स्वतः मात्र हसत नसे. पहिल्याच दिग्दर्शकानं सांगितलं होतं, की जो स्वतःच हसतो त्याला लोक हसत नाहीत. त्याच दुपारी स्टुडिओतल्या एका कारकुनानं हुल्दा स्टुट्झमन हे तिचं नाव खोडून बिबी लार्क लिहिलं. तिनं दोन्ही गोष्टी मुकाट्यानं पाळल्या. जुनं नाव मॉर्टलासुद्धा ठाऊक नव्हतं, आणि साठ वर्षांत तिला हसताना कुणी पाहिलं नव्हतं. तिच्या दोन नवऱ्यांनीही नाही. पण त्यात दोष नवऱ्यांचाही असू शकेल.

शनिवारी निवासाच्या छोट्या चित्रगृहात तिचा सत्कार होता. वय ब्याऐंशी, पुढच्या सत्काराचा भरवसा नाही. मॉर्टनं जाहीर केलं होतं, की भाषणात तो कुत्र्याचे आभार मानणार. म्हणून बिबीनं विद्यापीठाच्या ध्वनिसंग्रहातल्या येसेनिया नावाच्या मुलीला गाठलं होतं. जुने आवाज साफ करणं हे तिचं काम.

"त्या बाईला शोध," बिबीनं सांगितलं होतं. "जिवंत असेल तर शनिवारी गाडी पाठवू. मला एकच विचारायचंय. मी, की कुत्रा?"

गुरुवारी जेवणाच्या वेळी येसेनिया बिस्किटांचा एक गंजका डबा घेऊन आली.

"बस गं," मॉर्ट म्हणाला. "हिरवी जेली खा. ती कुणीच खात नाही. सापडली का साक्षीदार?"

येसेनिया बसली, पण चमचा उचलला नाही. "मिस लार्क, त्या शुक्रवारी सभागृहातले माईक बंद पडले होते. प्रेक्षकांचा आवाज आलाच नाही."

"मी ऐकलंय ते हसू."

"टीव्हीवर ऐकलंत. ते मागाहून जोडलेलं आहे. मालिकेच्या ध्वनिमुद्रकाकडे जुनी हास्यं साठवलेली होती. रेडिओच्या कार्यक्रमांत प्रेक्षक हसले की तो टेपवर घ्यायचा, आणि जिथे कमी पडेल तिथे लावायचा. हे हसू १९५१ सालचं आहे. त्या दिवशी निवेदक खुर्चीवरून पडला होता."

मॉर्टनं सँडविच खाली ठेवलं. "म्हणजे कुत्राही हरला." मग म्हणाला, "वाईट वाटलं, बिबी. खरंच. शनिवारी मी काही बोलणार नाही."

"एकावन्न साली कसले रेडिओचे कार्यक्रम," बिबी म्हणाली. "नुसती थंडगार हवा आणि फुकटचं खाणं. दारात कुपन द्यायचे. नाव, गाव लिहिलं की डोनट. मी नेब्रास्काहून बसनं आले ना, तो सबंध उन्हाळा डोनटवर काढलाय."

"तेच हे," येसेनिया म्हणाली आणि तिनं डबा उघडला. "ध्वनिमुद्रक फार टापटिपीचा माणूस होता. एखादं हसू आवडलं, की त्या माणसाचं कुपन मागून घ्यायचा आणि टेपच्या खोक्याला टाचायचा. हिच्या खोक्यावर त्यानं लिहून ठेवलंय, 'तिसरी रांग, उचकीवाली. उत्तम.' बत्तीस मालिकांत वापरलंय त्यानं हिला. मी अजून हिचा पत्ता काढलेला नाही. काढू का?"

बिबीनं चष्मा लावला आणि कुपन हातात घेतलं. बराच वेळ पाहिलं. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही, सवय होती.

"कोण आहे?" मॉर्टनं मान पुढे काढली.

"तू नाही ओळखत," बिबी म्हणाली, आणि कुपन पालथं करून येसेनियाला परत दिलं. "राहू दे, मुली. नको शोधूस. ती कशालाही हसायची."

तिनं हिरवी जेली पुढे ओढली आणि सगळी संपवली.

येसेनियानं कुपन जपून डब्यात ठेवलं. त्यावर पेन्सिलीनं, शाळकरी वळणाच्या अक्षरात लिहिलं होतं: हुल्दा स्टुट्झमन, नेब्रास्का. खाली शिक्का होता: एक डोनट दिला.