जुना जोड

"वहिनी, हा जोडच चुकीचा. गाडी इंची आट्यांची, अन् हा मिलिमीटरचा," पेट्रोलच्या नळीवरचा पितळी जोड खोलत इस्माईलभाई मेकॅनिक म्हणाले. कुमुदचा नवरा जाऊन महिना झाला, तिला रडू आलंच नव्हतं. त्याची जुनी गाडी उद्या गिऱ्हाईक नेणार होतं.

"गळू नये म्हणून दादांनी काय भरलंय, बघा!" त्यांनी आट्यांतून पिवळा लगदा खरवडून तिच्यासमोर धरला.

पेट्रोलच्या वासातूनही तिला चंदन ओळखू आलं. न्हाणीतले साबणाचे तुकडे जातात कुठे, म्हणून तिने वर्षानुवर्षं मोलकरणीला धारेवर धरलं होतं.

इस्माईलभाईंनी नवा जोड उचलला.

"उद्याच्या गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवा," ती म्हणाली. "आणि तो जुनाच बसवा. साबण मी आणते."